हे ऐकत नाहीत

रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे बाबांना घेऊन गेलो तेव्हा आधी एक छापील फॉर्म हातात मिळाला, सगळा इंग्रजीत. बाबांना बारीक अक्षराचा कंटाळा म्हणून मीच भरत होते. नाव, वय, बीपी-शुगर आहे का, आधी कुठे दाखवलंय का, आणि मग खाली एक ओळ, पेशंटला त्रास कशाचा आहे, पुढे तीन चौकोन : हियरिंग, लिसनिंग, अंडरस्टँडिंग. लागू असेल तिथे टिक करा. मी पेन धरून बसले. आईला विचारलं, ह्यातलं काय लिहू गं? ती म्हणाली, "तिन्ही कर. लग्न झाल्यापासून."

समोरच्या बाकावरच्या दोन बायका फस्सकन हसल्या. बाबांना अर्थातच काही ऐकू आलेलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हटल्यावर त्यांनीही हसून घेतलं. हल्ली ते असंच करतात.

आता गंमत अशी की हाच फॉर्म मराठीत छापला असता तर माझी पंचाईत झालीच नसती, कारण तिथे "ऐकणे" एवढंच आलं असतं. "हे ऐकत नाहीत" असं आई म्हणते तेव्हा त्याचा अर्थ कानात शिरत नाही असाही असतो, लक्ष देत नाहीत असाही असतो, आणि सांगितलेलं करत नाहीत असा तर असतोच असतो. तिन्हीसाठी आपल्याकडे एकच खुंटी. फार तर पहिल्यासाठी "ऐकू येत नाही" म्हणू, म्हणजे आवाज आपल्या पायाने माझ्याकडे येतो, किंवा येत नाही, त्यात माझा काय दोष. पण आई ते कधीच म्हणत नाही. ती "ऐकत नाहीत" म्हणते, आणि त्यात दोष कोणाचा ते सगळ्यांना कळतं.

मी पोटापाण्यासाठी मराठी व्हिडिओंना इंग्रजी सबटायटल्स लिहिते, त्यामुळे ह्या क्रियापदाशी माझं जुनं भांडण आहे. "ऐक ना" ह्याचं काय करायचं? लिसन लिहिलं तर बायको नवऱ्याला दम देतेय असं वाटतं. आणि "अहो, ऐकलंत का?" ह्याचं तर काहीच करता येत नाही. तो प्रश्नच नाहीये मुळात, ती हाक आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून हाकेच्या जागी ऐकलंत का. आमच्या घरी त्रेचाळीस वर्षं रोज पंधरा-वीस वेळा तो प्रश्न विचारला गेलाय आणि आत्ता आत्ता कुठे त्याचं खरं उत्तर मिळायला लागलंय, की नाही, ऐकलं नाही.

तर त्या फॉर्मवरच्या तीन चौकोनांनी डोक्यात किडा सोडला, आणि नंतर पुण्याला परत आल्यावर कामं टाकून मी पंधरा दिवस इंग्रजीतली ऐकण्याची क्रियापदं खणत बसले होते.

शाळेत आपल्याला एवढंच सांगतात की हियर म्हणजे आपोआप ऐकू येणं आणि लिसन म्हणजे मुद्दाम लक्ष देऊन ऐकणं, आणि लिसनला टू लागतो, आणि आय अॅम हियरिंग म्हणू नये. ते बरोबरच आहे. पण हे आत्ताचं वाटप आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हियरचं रूप होतं हिएरन, आणि हिएरन म्हणजे ऐकणं आणि आज्ञा पाळणं, दोन्ही. सेम टू सेम आईचं "ऐकणं". जो सांगितलेलं करतो त्याला गेहिएरसुम म्हणायचे, म्हणजे ऐकणारा, आज्ञाधारक. जर्मनमध्ये तो शब्द अजून जिवंत आहे, ऐकणं म्हणजे ह्योरन आणि आज्ञाधारक म्हणजे गेहोरझाम. इंग्रजीत मात्र हा अर्थ गळाला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, साहेबाची भाषा फ्रेंच झाली, आणि तेराशेच्या आसपास त्या फ्रेंचमधून ओबे हा शब्द आला. आता जे लोक हुकूम सोडत होते त्यांच्याच भाषेतून हुकूम पाळण्याचा शब्द यावा हे मला तरी फार बोलकं वाटतं. ओबे आल्यावर बिचाऱ्या हियरच्या अंगावरचं ओझं उतरलं आणि त्याच्याकडे नुसतं कानात आवाज शिरणं उरलं.

पण ओबेच्या पोटात काय आहे बघा. लॅटिनमध्ये तो ओबोएदिरे, त्यात ओब म्हणजे कडे आणि औदिरे म्हणजे ऐकणं. कान तिकडे करून ऐकणं! म्हणजे ऐकणं आणि पाळणं वेगळं करायला इंग्रजांनी जो शब्द उसना आणला तोसुद्धा आतून ऐकणंच निघाला. आणि पुढे काय झालं, तर आज अमेरिकेतली आईसुद्धा पोराबद्दल ही नेव्हर लिसन्स म्हणते तेव्हा तिला आज्ञाच म्हणायची असते. एक शब्द मोकळा केला तर दुसऱ्याच्या मानेवर जाऊन बसलं ते जू. मुलांशी बोलायला ह्या अर्थाशिवाय भागत नसावं कुठेच.

मध्ये एक शब्द होता, हार्कन. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो पानोपानी सापडतो, ऐकून मान्य करणं ह्या अर्थाने. देव आदमला शिक्षा सुनावतो तेव्हा पहिलं कारण देतो ते हेच, की तू तुझ्या बायकोच्या आवाजाला हार्कन केलंस. हे मी फोनवर आईला सांगितलं, म्हणजे बाबांना सांगायला, कारण बाबा आता फोनवर बोलत नाहीत. आईने ते बाबांना सांगितलंच नाही. म्हणाली, असल्या गोष्टी त्यांना बरोबर ऐकू येतील.

हार्कनचा धाकटा भाऊ हार्क. हियरला शेपटीला क लावून तो झालाय, जसं टेलपासून टॉक झालं. ख्रिसमसच्या त्या प्रसिद्ध गाण्यात पहिलाच शब्द तो आहे आणि शिकारी कुत्र्यांना हाकारतानाही तोच वापरायचे. वास हरवला की कुत्र्यांना आल्या वाटेने मागे फिरवायचं, ते हार्क बॅक. आज वर्तमानपत्रांत जुन्या काळाची आठवण काढणं ह्या अर्थाने ते छापतात आणि कुत्री कुठल्या कुठे राहिली.

आता लिसन. ह्याच्यावर मात्र माझा जीव जडला.

आधी तो व्हॉट्सअॅप फॉरवर्ड निकालात काढते. लिसन आणि सायलेंट ह्यांची अक्षरं तीच आहेत, म्हणून ऐकायचं तर गप्प बसा वगैरे, खाली सूर्योदयाचा फोटो. दर दोन महिन्यांनी एखाद्या ग्रुपवर येतोच. तर लिसनमध्ये तो टी मुळात नव्हताच. जुन्या इंग्रजीत शब्द होता ह्लिस्नन, टी नाही. त्याच्या शेजारी त्याच अर्थाचा दुसरा शब्द होता ह्लिस्टन, ज्याचं पुढे लिस्ट झालं (यादीवालं लिस्ट नव्हे, हे वेगळं), आणि त्या शेजाऱ्याच्या संगतीने ह्याच्यात टी घुसला. नंतर लिस्ट मेला. हॅम्लेटच्या बापाचं भूत मुलासमोर येऊन लिस्ट, लिस्ट, ओ लिस्ट असं विनवतं, तिथे तो भेटतो, आणि तेही कोणाच्या तोंडी, तर ज्याच्या कानात विष ओतून त्याला मारलंय त्याच्या. आज कोणी लिस्ट म्हणत नाही, त्याचा टी तेवढा लिसनमध्ये मागे राहिलाय, न बोलता. चौथीत मी लिसनचं स्पेलिंग टी न लावता लिहिलं होतं आणि त्याबद्दल बाकावर उभी राहिले होते. बाराशे वर्षांपूर्वी मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

बरं, ह्लिस्ननमधला तो ह कुठून आला? संस्कृतात जिथे श असतो तिथे इंग्रजीत बऱ्याचदा ह सापडतो. शत आणि हंड्रेड. श्वान आणि हाउंड. शृंग आणि हॉर्न. कलकत्त्याला १७८६ मध्ये विल्यम जोन्स नावाचे इंग्रज न्यायाधीश संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच घरातल्या असाव्यात असं म्हणाले, आणि पुढे जर्मन पंडितांनी त्यातले नियम बसवत आणले, त्यातलाच हा प्रकार. मूळ भाषेतला एक क, तो आपल्याकडे श झाला आणि तिकडे ह. तर मूळ धातू क्लेउ, ऐकणे. तिकडे त्याचं ह्लु झालं आणि आपल्याकडे श्रु.

श्रु म्हणजे आपला श्रु! श्रवण, श्रोता, श्रुती. म्हणजे लिसन आणि श्रवण ही लांबची का होईना, चुलत भावंडं आहेत. मी हे रात्री दीड वाजता वाचलं आणि नवऱ्याला उठवून सांगितलं, तो "हं, ऐकलं" म्हणाला आणि कुशीवर वळला.

पुढे तर आणखी मजा. ह्या धातूचं "ऐकलेलं" असं रूप संस्कृतात श्रुत, आणि इंग्रजीत त्याच साच्याचा शब्द झाला ह्लूड, म्हणजे आजचा लाउड. जे ऐकू आलं ते लाउड. ग्रीकमध्ये त्याच धातूचं झालं क्लेओस, म्हणजे कीर्ती, लोकांच्या कानावर गेलेलं नाव. क्लिओपात्रा म्हणजे बापाची कीर्ती. रशियनमध्ये स्लावा म्हणजे कीर्ती आणि स्लोवो म्हणजे शब्द, दोन्ही त्याच घरातले. वेदात अक्षित श्रव म्हणजे न झिजणारी कीर्ती आहे आणि होमरच्या इलियडमध्ये अगदी त्याच अर्थाची, त्याच धातूंनी बांधलेली जोडी आहे, हे १८५३ मध्ये कून नावाच्या जर्मन पंडिताच्या लक्षात आलं. म्हणजे ह्या भाषा वेगळ्या होण्याआधीही कुठेतरी माणसं बसून कोणाची तरी कीर्ती ऐकत होती, आणि ऐकणं आणि कीर्ती ह्यांना एकच शब्द पुरत होता.

पण मला ह्या सगळ्यात चटका लावला तो एका घरगुती शब्दाने. शुश्रूषा. मी आजवर तो आजारपणाचाच शब्द समजत होते, सेवाशुश्रूषा, शुश्रूषागृहाची पाटी, बेडपॅन, ग्लुकोज. तो श्रुचंच रूप आहे. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायची इच्छा, त्यावरून त्याची सेवा, आणि तिथून घसरत घसरत दुखणेकऱ्याची उस्तवार. आई दिवसातून सहा वेळा बाबांच्या कानाशी वाकून, तोंड त्यांच्या चेहऱ्यासमोर धरून, एकेक शब्द सुटा करून बोलते. वैतागून बोलते, पण बोलते.

डॉक्टरांकडे बाबांना एका काचेच्या पेटीत बसवलं होतं, हेडफोन लावून. बीप ऐकू आली की बटण दाबायचं. बाबा परीक्षेला बसल्यासारखे ताठ. कागदावर आलेख आला, डावीकडून बरा चाललेला आणि उजवीकडे घाट उतरावा तसा खाली. तिथली मुलगी चांगली होती, तिने समजावून सांगितलं, की काका, जाड आवाज तुम्हाला येतायत, बारीक आवाज गेलेत. म्हणजे आ, ओ, ऊ हे येतात, पण स, श, फ, त निसटतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही, साखर म्हटलं की भाकर वाटतं. आलेखाच्या कडेला डेसिबल लिहिलेलं. त्यातला बेल म्हणजे टेलिफोनवाले ग्रॅहम बेल, ज्यांच्या आईला फार कमी ऐकू यायचं आणि बायकोला तर अजिबात नाही. १० मार्च १८७६ ला त्यांनी तारेवरून पहिलं वाक्य बोलून दाखवलं ते काय, तर मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला बघायचंय. ऐकण्याचं यंत्र लावलं आणि म्हणे बघायचंय! स्टेथोस्कोपचंही तेच. १८१६ मध्ये पॅरिसला लेनेक नावाच्या डॉक्टरने बाईच्या छातीला कान कसा लावायचा म्हणून कागदाची सुरळी केली, आणि त्यातून निघालेल्या यंत्राला जे ग्रीक नाव दिलं त्याचा अर्थ छाती बघायचं साधन. डोळ्याला मान आणि कानाला काम.

एक गोष्ट मात्र मी बाबांना स्वतः सांगायची ठरवली होती. बाबा सहकार खात्यात ऑडिटर होते. तीस वर्षं एसटीने कोकणभर हिंडले, विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था, मच्छीमार संस्था. तर गावी गेल्यावर मी वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : ऑडिटर म्हणजे ऐकणारा. लॅटिन औदिरे, ऐकणे. पूर्वी इंग्लंडात हिशेब वाचून दाखवायचे आणि तो बसून ऐकायचा, म्हणून ऑडिट.

मला वाटलं हसतील. वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "बरोबरच आहे." मग बऱ्याच दिवसांनी सलग बोलले. म्हणाले, आकडे सगळेच जुळवून ठेवतात गं, कीर्द, खतावणी, व्हाउचर, कागदाला काय. मी सेक्रेटरीला म्हणायचो, वाचा मोठ्याने. डोळे मिटून बसायचो. लोकांना वाटायचं साहेबांना जेवणावर झोप आली. ताळेबंद वाचता वाचता जिथे तो घसा खाकरतो किंवा एकदम भरभर वाचायला लागतो, तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायची. संध्याकाळी तेवढंच उघडून बघायचं.

इतकी वर्षं मी ह्यांच्या घरात वाढले आणि हे मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं.

तर मशीन घेतलं. दोन्ही कानांना, मागे अडकवायचं, उडदाच्या दाण्याएवढी बॅटरी. इंग्रजीत हियरिंग एड, लिसनिंग एड नव्हे, हे आता माझ्या बरोबर लक्षात यायला लागलंय. त्या मुलीने बजावून पाठवलं होतं, की पहिले काही दिवस सगळंच फार येईल, मेंदूची सवय गेलेली असते, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते त्याला परत शिकायला लागतं. पहिल्या दिवशी बाबांनी पेपर उघडला आणि दचकून मिटला. चमचा ताटावर पडला तर कोण ओरडलं म्हणाले. आईच्या बांगड्या इतक्या वाजतात हे त्यांना आठवत नव्हतं. आई म्हणाली, हळू बोलायची सवय करायला लागेल आता मला, आणि ते ती ओरडूनच म्हणाली.

जूनचा दुसरा आठवडा होता, आमचं घर संगमेश्वरकडे, जुनं, कौलारू. आणि मी लॅपटॉप घेऊन पडवीत ह्या यादीतल्या शेवटच्या शब्दाशी खेळत बसले होते. ईव्ह्जड्रॉप, चोरून ऐकणे. ईव्ह्ज म्हणजे छपराची पुढे आलेली कड, आणि ईव्ह्जड्रॉप म्हणजे तिच्यावरून पाणी टपकतं ती खालची जमीन. जुन्या इंग्लंडात घर अगदी शेजाऱ्याच्या हद्दीला लावून बांधायचं नाही, आपल्या छपराचं पाणी आपल्याच जमिनीत पडायला हवं असा दंडक होता, इसवी सन ८६८ मधल्या केंटच्या एका सनदेत त्यासाठी दोन फूट जागा सोडायचं लिहिलंय. तर त्या पट्ट्यात येऊन भिंतीला कान लावून उभा राहणारा तो ईव्ह्जड्रॉपर. आधी माणसाला नाव पडलं आणि त्यावरून नंतर क्रियापद झालं. हा चक्क गुन्हा होता. ब्लॅकस्टन नावाच्या इंग्रज कायदेपंडिताने १७६९ मध्ये कायद्यावरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीला उभे राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकणारे आणि त्याच्या चहाड्या रचणारे लोक म्हणजे सार्वजनिक उपद्रव. कायद्यातून हा गुन्हा गेला कधी, तर १९६७ मध्ये.

वळचण. बाकी सगळ्या शब्दांना मराठीत मला अर्धंमुर्धं काहीतरी जुळवावं लागलं, पण इथे शब्द हजरच होता, कारण वस्तूच हजर होती, माझ्या डोक्यापासून चार हातांवर. आपल्याकडे वळचणीचं पाणी आढ्याला जातं, भांडणाऱ्या जावा वळचणीला उभ्या राहतात, तिथेच ओल्या छत्र्या आणि तिथेच कुत्रं. लहानपणी मीसुद्धा तिथे उभी राहून आई आणि आत्याचं माझ्या लग्नाबद्दलचं बोलणं ऐकलेलं आहे, पायावर पागोळ्यांचं पाणी घेत. त्यासाठी दोन शतकांपूर्वी इंग्लंडात दंड झाला असता.

हे लिहितेय तर पाऊस थांबला होता. आई आत, दिवेलागणीची वेळ. बाबा माझ्या मागे आरामखुर्चीत, मशीन लावून, डोळे मिटून. मला वाटलं झोपले. तेवढ्यात ते एकदम सरळ बसले, मान थोडी वाकडी केली, आणि आतल्या दिशेने हाक मारली, चांगली खणखणीत,

"अगं, ऐकलंस का? मागचा नळ गळतोय बघ. केव्हाचा टपटपतोय."

आई हात पुसत दाराशी आली. तिने माझ्याकडे बघितलं, मी छपराकडे. कौलांच्या कडेवरून पाणी निथळत होतं, एका ओळीत, अंगणातल्या खळग्यांत.

"नळ नाही हो," आई म्हणाली. "पागोळ्या आहेत."

"काय?"

"पागोळ्या."

बाबा थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग परत डोळे मिटले.